सोडत का न्हाई त्यो?

२०२५ च्या ऑक्टोबरात ओळीने तीन रविवारी अमेरिकेतल्या विद्यापीठ-फुटबॉलमधल्या तीन मोठ्या कोचना नारळ मिळाला. १२ तारखेला पेन स्टेटने जेम्स फ्रँकलिनला, १९ ला फ्लोरिडाने बिली नेपियरला आणि २६ ला लुइझियाना स्टेटने ब्रायन केलीला काढलं. फ्रँकलिनची करारातली उरलेली रक्कम जवळपास पाच कोटी डॉलर, केलीची त्याहून जास्त, नेपियरची दोन कोटींच्या वर. आमच्या लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत महिनाभर हाच विषय होता, आणि दर वेळी कुणीतरी तेच वाक्य बोलायचं: इतकं हरल्यावर माणसाने स्वतःहूनच राजीनामा द्यायला नको का?

मी गप्प बसायचे. २०२१ मध्ये हेच वाक्य मी स्वतः डबा खाताना, गाडी चालवताना, फोनवर, शेजाऱ्यांच्या अंगणात इतक्या वेळा बोलले आहे की त्याची मला पुरती ओळख आहे. ते तेव्हा मला सरळ आणि न्यायाचं वाटायचं. आता वाटत नाही. का वाटत नाही, ते एकदा नीट लिहून काढायचं राहून गेलं होतं.

मी २०१३ पासून नेब्रास्कातल्या लिंकन शहरात राहते आणि माती तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. मका आणि सोयाबीन निघालं की शेतकरी मातीचे नमुने पाठवतात, काही जण स्वतः घेऊन येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे आमच्या कामाचा हंगाम आणि नेमका तोच फुटबॉलचाही हंगाम. नमुन्यांच्या पिशव्या काउंटरवर मांडताना नत्र-स्फुरदाबद्दल दोन वाक्यं होतात आणि शनिवारच्या सामन्याबद्दल वीस.

इथला फुटबॉल वेगळा. चेंडू लांबुळका, तो हातात घेऊन पळायचं, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. मी कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. माझ्या लहानपणी फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार हे तालमींचे संघ, आणि सामना हरला की पेठेत त्या रात्री कुणाच्या घरी धड जेवण होत नसे. त्यामुळे खेळाचे नियम शिकायला मला दोन हंगाम लागले, पण शनिवारी सकाळी अख्खं शहर लाल कपडे घालून का निघतं, हे मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. नेब्रास्कात मोठ्या व्यावसायिक लीगमधला संघ एकही नाही. वीस लाखांच्या आसपास वस्तीचं राज्य आणि त्याचा जीव विद्यापीठाच्या एका संघात. मेमोरियल स्टेडियममधला प्रत्येक सामना १९६२ पासून हाउसफुल्ल. सामन्याच्या दिवशी ते स्टेडियम म्हणजे ओमाहा आणि लिंकननंतरचं राज्यातलं तिसरं मोठं शहर असतं.

२ डिसेंबर २०१७ ला या विद्यापीठाने स्कॉट फ्रॉस्टला कोच नेमलं तो दिवस मला आठवतो. किराणा दुकानात अनोळखी माणसं एकमेकांचं अभिनंदन करत होती. फ्रॉस्ट इथला. जन्म लिंकनचा, वाढला वुड रिव्हर नावाच्या हजार-बाराशे वस्तीच्या गावात. आईवडील दोघेही कोच. आई कॅरोल १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये थाळीफेकीत उतरलेली. पोरगा आधी शिकायला स्टॅनफर्डला गेला, मग परत आला, इथले तेव्हाचे कोच टॉम ऑस्बर्न यांच्या हाताखाली क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचं आक्रमण चालवणारा खेळाडू, झाला आणि १९९७ च्या हंगामात संघ तेराच्या तेरा सामने जिंकून राष्ट्रीय विजेता ठरला, मिशिगनसोबत विभागून. ऑस्बर्न यांचा तो पंचविसावा आणि शेवटचा हंगाम.

त्याच हंगामाच्या सुरुवातीला याच मैदानावर घरच्या प्रेक्षकांनी फ्रॉस्टची हुर्यो उडवली होती, हे मला लॅबमध्ये येणाऱ्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सांगितलं. समोरचा संघ होता सेंट्रल फ्लोरिडा. पुढे फ्रॉस्ट मुख्य कोच म्हणून पहिल्यांदा गेला तो त्याच सेंट्रल फ्लोरिडाकडे. आदल्या वर्षी बाराच्या बारा सामने हरलेला तो संघ त्याने हाती घेतला आणि दुसऱ्याच हंगामात तेराच्या तेरा जिंकून दाखवले. "आम्ही त्याला हुर्यो केली होती," असं तो शेतकरी मान खाली घालून म्हणाला. वीस वर्षं झाली होती आणि त्याला अजून त्याची लाज वाटत होती.

करार झाला सात वर्षांचा, साडेतीन कोटी डॉलरचा. वर्षाला ५० लाख.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते दुखतं. २०१८ मधला पहिलाच सामना विजांच्या कडकडाटात रद्द झाला. त्यानंतर ओळीने सहा पराभव, विद्यापीठाच्या इतिहासात अशी सुरुवात कधी झाली नव्हती. तो हंगाम ४-८, म्हणजे चार जिंकले, आठ हरले. पुढचा ५-७. करोनातला आखूड हंगाम ३-५. आणि मग २०२१.

२०२१ बद्दल मात्र थांबायला हवं. असा हंगाम मी ना कोल्हापुरात पाहिला ना इथे. बारापैकी नऊ सामने हरले आणि त्या नऊतला एकही नऊपेक्षा जास्त गुणांनी नाही. हंगामभरात समोरच्यांपेक्षा आमच्या संघाचे गुण जास्त, तरी जमाखर्च ३-९. धूळधाण उडालेला संघ असा दिसत नाही. घास तोंडाशी यायचा आणि गळून पडायचा, दर शनिवारी, दर वेळी नव्या तऱ्हेने. मिशिगन स्टेटविरुद्ध एक लाथ चुकीच्या बाजूला गेली आणि समोरच्याने तो चेंडू घेऊन सरळ टोक गाठलं. जादा वेळेत हरलो. शेवटच्या सामन्यात आयोवाविरुद्ध २१-६ अशी आघाडी होती, तो २१-२८ असा गेला.

आणि ९ ऑक्टोबरची ती मिशिगनची रात्र. त्या रात्री मी स्टेडियममध्ये होते. तिकीट शेजारच्या आजोबांचं होतं, त्यांचे गुडघे धरले होते म्हणून त्यांनी मला दिलेलं. २९-२९ बरोबरी, पावणेदोन मिनिटं उरलेली, चेंडू आपल्याकडे. आमच्या क्वार्टरबॅकच्या हातातून तो हिसकला गेला. मिशिगनने चेंडू लाथेने खांबांमधून मारून तीन गुण घेतले आणि ३२-२९ ने सामना नेला. माझ्या पुढच्या रांगेतला एक बाप खांद्यावरच्या पोरीला खाली न उतरवता तसाच उभा राहिला, बराच वेळ. मग हळू आवाजात म्हणाला, आता त्याने स्वतःच जावं. रागाने नाही म्हणाला. एखाद्या आजारी माणसाला झोपायला सांगावं तसं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा फोन. रविवारी माझी सकाळ आणि त्यांची संध्याकाळ, हे आमचं ठरलेलं. ते निवृत्त पीटी मास्तर, त्यामुळे माझ्या संघाचा निकाल ते दर रविवारी विचारतात. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "का गं, मग सोडत का न्हाई त्यो?"

"पैसे बुडतील ना बाबा."

"किती?"

मी हिशोब करून सांगितलं. पलीकडे नुसती रस्त्यावरची वाहतूक ऐकू येत राहिली.

हा हिशोब इथे मांडते, कारण त्याशिवाय राजीनाम्याच्या गोष्टीला अर्थ नाही. अमेरिकेतल्या कॉलेज कोचच्या करारात एक कलम असतं, त्याला सगळे बायआउट म्हणतात. गैरवर्तनासारखं कारण नसताना विद्यापीठाने मुदतीआधी काढलं, तर उरलेल्या वर्षांची ठरलेली रक्कम कोचला द्यायची. कोच स्वतःहून गेला तर त्याला काही नाही, उलट अनेक करारांत त्यानेच विद्यापीठाला भरपाई द्यायची असते. म्हणजे त्याच माणसाने, त्याच दिवशी, तीच खुर्ची सोडली, तरी पहिलं वाक्य कुणी उच्चारलं यावर कोट्यवधी डॉलर इकडचे तिकडे होतात. टेक्सास ए अँड एमने २०२३ मध्ये जिंबो फिशरला काढलं तेव्हा त्याच्यामागे साडेसात कोटी डॉलरच्या वरचं देणं होतं. त्याने आदल्या दिवशी चार ओळींचं पत्र लिहून दिलं असतं, तर त्यातलं काही नाही.

आणि ही कलमं कोच एकटा बसून लिहीत नाही. फ्रॉस्टचा करार मुळात २०२४ पर्यंतचा होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये, त्याच्या दुसऱ्या हंगामात, संघ ४-५ वर असताना, विद्यापीठाने आपणहून तो दोन वर्षांनी वाढवून २०२६ पर्यंत नेला. स्थैर्य दिसावं म्हणून, पोरांची भरती करताना "हा कोच उद्या असेल का" या प्रश्नाला उत्तर असावं म्हणून. त्या दिवशी आमच्यापैकी कुणी तक्रार केली नाही. मीही नाही.

८ नोव्हेंबर २०२१ ला मधला मार्ग निघाला. नवीन ॲथलेटिक डायरेक्टर, म्हणजे क्रीडा विभागाचा प्रमुख, ट्रेव्ह अल्बर्ट्स, तोही इथलाच जुना खेळाडू. त्याने फ्रॉस्टला ठेवलं, पण पगार ५० लाखांवरून ४० लाखांवर आणला आणि बायआउटला एक तारीख लावली. १ ऑक्टोबर २०२२ च्या आधी काढलं तर दीड कोटी डॉलर, त्या दिवसापासून पुढे काढलं तर निम्मे, ७५ लाख. फ्रॉस्टने सही केली. आक्रमणाच्या बाजूचे चार सहायक कोच मात्र त्याच दिवशी गेले. त्यांच्यातल्या कुणाबद्दल "स्वतःहून जावं" असं कुणी बोललेलं मला ऐकू आलं नव्हतं. त्यांना सरळ काढलं.

लोक म्हणाले, खुर्चीला चिकटला. मी म्हणाले, दहा लाख डॉलर पगार आणि ७५ लाखांचा हक्क सोडून जो राहतो तो पैशाला चिकटलेला कसा? पण पुढच्याच आठवड्यात मीही पुन्हा तेच म्हणू लागले. पराभवाने माणूस असा होतो.

असा पगार कापून घेऊन राहिलेला एक कोच तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे होता. जिम हार्बॉ, त्या रात्री समोरच्या बाजूला उभा असलेला मिशिगनचा कोच. २०२० मध्ये त्याचा संघ २-४ वर संपला होता. त्याचा पगार जवळपास निम्म्यावर आला, त्याने तो घेतला, आणि लोकांनी त्यालाही जा म्हटलं होतं. तो गेला नाही. २०२१ मध्ये त्याने आपली परिषद, म्हणजे विद्यापीठांच्या ज्या गटात संघ खेळतो तो गट, जिंकली आणि २०२३ मध्ये पंधराच्या पंधरा सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद. दुसऱ्या टोकाला स्टीव्ह स्परियर. साऊथ कॅरोलायनात ऑक्टोबर २०१५ मध्ये, संघ २-४ असताना, हंगामाच्या मधोमध त्याने खरोखर सोडलं. सत्तर वर्षांचा, फ्लोरिडाला १९९६ चं विजेतेपद मिळवून दिलेला माणूस. लोकांच्या मागणीप्रमाणे तो स्वतःहून गेला, तर त्यालाच "पोरांना अर्ध्यावर टाकून पळाला" असं ऐकावं लागलं. राहिला तरी बोल, गेला तरी बोल.

आता बाबांची गोष्ट.

ते नोकरी शाळेत करायचे आणि संध्याकाळी एका तालमीच्या फुटबॉल संघाला शिकवायचे. तालमीचं नाव लिहीत नाही. पगार शून्य. सामना जिंकला तर गुलाल, नारळ, एखादा फेटा. हरला तर चहासुद्धा स्वतःच्या खिशातून. मी सातवीत असताना त्यांचा संघ उपांत्य सामन्यात शेवटच्या पाच मिनिटांत दोन गोल खाऊन हरला. त्या रात्री आमच्या दारात वीस-पंचवीस माणसं आली. मारहाण नाही, शिव्या नाहीत, नुसती उभी राहिली. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "सर, आता काय करायचं?" आई आतून ऐकत होती. बाबांनी दुसऱ्या दिवशी शिट्टी, हजेरीची वही आणि चेंडूंच्या जाळीची किल्ली नेऊन दिली. पुढची दोन वर्षं ते शाळेतून घरी येताना मैदानाचा रस्ता टाळून लांबच्या वाटेने यायचे. मला सायकलवर पुढे बसवलेलं असायचं, म्हणून तो वळसा मला चांगला आठवतो.

ही गोष्ट मला नेहमी अभिमानाची वाटत आली. माझे बाबा एका पैशासाठी अडले नाहीत, आपण होऊन सोडलं. फ्रॉस्टबद्दल बोलताना मनात कुठेतरी ती तुलना असायची. म्हणून २०२२ च्या मार्चमध्ये, आम्ही प्लॅट नदीवर क्रौंच पक्षी बघायला निघालो होतो आणि वाटेत वुड रिव्हरची पाटी लागली, तेव्हा मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. हे त्या कोचचं गाव, म्हटलं. पाण्याची टाकी, धान्याचे उंच कोठार, सपाट शेतं. बाबांनी बघितलं आणि म्हणाले, "गाव इतकं लहान आहे. मग अवघड आहे त्याचं."

मी म्हटलं, "तुम्ही नाही का सोडलं? तुमचंही गावच होतं."

ते हसले नाहीत. म्हणाले, "मला कुणी लिहून दिलं नव्हतं गं. दोन वर्षं तुझी, असं कुणी कागदावर लिहून दिलं असतं, तर मी काय सोडतोय? त्या पोरांत चार जण चांगले होते. अजून एक वर्ष मिळायला हवं होतं." मग थोड्या वेळाने, "मी सोडलं न्हाई. दारात माणसं उभी होती."

मी गाडी कडेला घेतली. आमच्या डोक्यावरून हजारो क्रौंच ओरडत चालले होते आणि फोनवर बाबांना वाटलं की रेंज गेली.

तीस वर्षं मी ज्याला राजीनामा समजत होते तो राजीनामा नव्हता. आणि करार म्हणजे नुसते पैसे, हेही मी चुकीचं समजत होते. तो कागद त्या माणसाला सांगत असतो की दारात माणसं येऊन उभी राहिली तरी तुझी इतकी वर्षं तुझी. बायआउटचा आकडा म्हणजे तो शब्द मोडायची किंमत. ती किंमत मोठी ठेवली कारण शब्द खरा वाटावा अशी विद्यापीठाचीच इच्छा होती. मग हरायला लागल्यावर त्याच विद्यापीठाच्या लोकांनी, म्हणजे आम्हीच, त्याच्याकडून अपेक्षा करायची की त्याने तो शब्द आपल्याला फुकट परत करावा. हे मला पटेनासं झालं. त्याचं कोचिंग बरोबर होतं असं मी म्हणत नाही. संघ बांधण्यात, सामने संपवण्यात तो कमी पडला हे मी डोळ्यांनी पाहिलं. एकूण नोंद १६-३१. चुरशीचे, एका फटक्यात फिरणारे सामने धरले तर जिंकले ५, हरले २२. अशा कोचला काढायचा विद्यापीठाला पूर्ण हक्क होता. पण तो हक्क विकत घ्यायचा होता, उसना मागायचा नव्हता.

शेवट मात्र भराभर आला. २७ ऑगस्ट २०२२ ला डब्लिनमध्ये नॉर्थवेस्टर्नशी सामना. तिसऱ्या सत्रात २८-१७ अशी आघाडी असताना फ्रॉस्टने ऑनसाइड किक मारायला लावली, म्हणजे चेंडू मुद्दाम थोडाच पुढे टाकून आपणच झडप घालायची. फसलं. चेंडू त्यांना मिळाला, सामना फिरला, ३१-२८ ने गेला. शेजारचे आजोबा म्हणाले, त्याला आता विश्वासच राहिला नाही की साधं खेळून जिंकता येतं. मला ते अजून खरं वाटतं.

१० सप्टेंबर, शनिवार. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, आमच्या घरच्या गणपतीचं विसर्जन झालेलं, घर रिकामं रिकामं. त्या हंगामापासून पहिल्या टचडाउनला, म्हणजे चेंडू घेऊन मैदानाचं टोक गाठलं की, लाल फुगे सोडायची जुनी प्रथाही हेलियमच्या टंचाईमुळे थांबली होती. आकाश नुसतंच. समोर जॉर्जिया सदर्न, ज्यांना विद्यापीठाने इथे येऊन खेळायचे चौदा लाखांवर डॉलर दिले होते. त्यांचा कोच क्ले हेल्टन, ज्याला जवळपास वर्षापूर्वी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने काढलं होतं. त्या मैदानावर नेब्रास्काने ३५ किंवा अधिक गुण केले की सामना जिंकलाच, असं २१४ वेळा झालं होतं आणि हरल्याचं एकदाही नाही. त्या रात्री ४२ गुण केले आणि ४५-४२ ने हरलो. शेवटचे ३६ सेकंद उरले असताना त्यांनी टचडाउन केला. आमची शेवटची लांब किक बाहेर गेली.

रविवारी सकाळी बाबांना निकाल सांगितला. दुपारच्या सुमारास बातमी आली: फ्रॉस्टला काढलं. दीड कोटी डॉलर देऊन. मी तारीख मोजली. ११ सप्टेंबर ते १ ऑक्टोबर. वीस दिवस थांबले असते तर ७५ लाख डॉलर वाचले असते. विद्यापीठाने ते वाचवले नाहीत.

पैसे आले कुठून हे इथे सगळ्यांना माहीत आहे. इथला क्रीडा विभाग कराच्या पैशावर चालत नाही, तिकिटं, देणगीदार आणि टीव्हीवर चालतो. आणि तीनच आठवड्यांपूर्वी, १८ ऑगस्टला, ज्या बिग टेन परिषदेत नेब्रास्का खेळतं तिने सात वर्षांसाठी ७०० कोटी डॉलरच्या वरचा टीव्ही करार जाहीर केला होता. त्या आकड्यापुढे ७५ लाख काय. माझ्या लॅबमधल्या एका मुलीने मात्र तो आकडा कागदावर लिहिला, आमच्या वर्षाच्या पगाराने भागला, आणि कागद उलटा ठेवून दिला.

शहरात त्या दिवशी सुटल्यासारखं वाटत होतं. दोन वर्षं "तो का जात नाही" म्हणणारे लोक एकमेकांना मेसेज करत होते. संध्याकाळी आजोबा अंगणातला लाल झेंडा उतरवताना दिसले. दर रविवारी ते तो उतरवतात, घडी घालतात. त्या दिवशी घडी घालून बराच वेळ हातात धरून पायरीवर बसले. त्यांनी १९९७ पाहिलेलं.

बातमी आल्या आल्याच मी बाबांना परत फोन लावला होता. तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते, पण ते जागे होते. सांगितलं, काढलं त्याला. वीस दिवसांची आणि ७५ लाखांची गोष्टही सांगितली. त्यांनी पैशाबद्दल काही विचारलं नाही.

"त्या वीस दिवसांत मॅचेस किती होत्या?"

मी वेळापत्रक पाहिलं. पुढच्या शनिवारी ओक्लाहोमा. त्याच्या पुढच्या शनिवारी सुट्टी. आणि मग थेट १ ऑक्टोबर.

"एकच," मी म्हटलं.

बाबा काही बोलेनात. मला वाटलं झोप लागली.

"तेवढी खेळू द्यायची होती," ते म्हणाले.